निकोटीनची तलफ : जनुकांचा वाटा किती, आणि रिसेप्टर अडवणाऱ्या गोळ्या नेमक्या घ्यायच्या कशा?

पर्वतीपायथा

पुण्यातल्या आरोग्य तपासणीच्या पॅकेजांत हल्ली जनुक चाचणी सर्रास घुसवलेली असते. लोक तो जाडजूड अहवाल घेऊन फिरतात. त्यात कुठेतरी "निकोटीन अवलंबित्व : जोखीम अधिक" अशी लाल पट्टी आणि खाली बारीक अक्षरात "सीएचआरएनए५, आरएस१६९६९९६८, एए" असं छापलेलं असतं. अर्थ सांगायला मात्र कोणी नसतं.

जाणकारांकडून तीन गोष्टी हव्या आहेत. या एए-चं नक्की काय करायचं? वारेनिक्लिन, सायटिसिन, बुप्रोपिऑन या तंबाखू सोडवणाऱ्या गोळ्यांपैकी कुठली कोणाला, हे असल्या अहवालावरून ठरतं का? आणि हे सगळं संशोधन सिगरेटवर झालेलं दिसतं, मग आपल्याकडच्या मळून खाणाऱ्यांचं आणि मिसरीवाल्यांचं काय?

"मनात आणलं की सुटतं" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. त्यासाठी जुना धागा आहे, तिथे अजून भांडण चालू आहे.

पाषाणकर

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

निकोटिनिक रिसेप्टर म्हणजे पाच तुकड्यांनी मिळून बनलेली नळी. मेंदूतल्या पेशीच्या भिंतीत ती उभी असते. निकोटीन येऊन बसलं की मधलं भोक उघडतं आणि सोडियम, कॅल्शियम आत शिरतात. तुकडे वेगवेगळ्या जातींचे : अल्फा-४, बीटा-२, अल्फा-३, बीटा-४, अल्फा-५ वगैरे. तलफेच्या मुळाशी असलेली नळी बहुतांशी अल्फा-४ आणि बीटा-२ची. १९९८ मध्ये बीटा-२ काढून टाकलेल्या उंदरांवर प्रयोग झाले, तेव्हा ते उंदीर निकोटीनसाठी कळ दाबेनासे झाले. गोळ्यांचं लक्ष्य तिथूनच पक्कं झालं.

तुमच्या अहवालातला बदल मात्र अल्फा-५मधला आहे (सीएचआरएनए५ हे त्याचंच जनुक). हे जनुक १५व्या गुणसूत्रावर, अल्फा-३ आणि बीटा-४च्या जनुकांना चिकटून बसलेलं. जनुकातल्या जी या अक्षराच्या जागी ए आला की प्रथिनातल्या ३९८व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी अ‍ॅस्पॅराजिन येतं. एवढ्याने ती नळी निकोटीनला थोडा कमी प्रतिसाद देते.

आता गंमत बघा. कमी प्रतिसाद म्हणजे व्यसन कमी, असं कोणालाही वाटेल. होतं उलटं. अल्फा-५वाल्या नळ्या मेंदूत हॅबेन्युला नावाच्या इवल्याशा भागात भरपूर असतात. तिथून निघणारी वाट "आता बास, मळमळायला लागलं" हा निरोप पोचवते. २०११ मध्ये अल्फा-५ नसलेल्या उंदरांवर हे दाखवलं गेलं. साधे उंदीर डोस चढला की हात आखडता घेतात, हे मात्र चढ्या डोसलाही घेतच राहिले. नंतर हॅबेन्युलात अल्फा-५ परत घातलं, तेव्हा ते ताळ्यावर आले. म्हणजे ए आलेल्या माणसाला सिगरेट जास्त गोड लागते असं नव्हे, त्याचा ब्रेक जरा सैल असतो.

परिणाम किती? एका ए-मागे दिवसाला साधारण एक सिगरेट. एए (जनुकाच्या दोन्ही प्रतींत ए) असेल तर जीजीपेक्षा (दोन्हींत जी) दोन जास्त. ओढणाऱ्यांमध्ये "किती ओढतो" यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम एक टक्का या एका अक्षराने समजतो. "सुरू करेल की नाही" यावर त्याची पकड जवळपास नाहीच. युरोपीय लोकांत हा ए साधारण एक तृतीयांश प्रतींमध्ये सापडतो, दक्षिण आशियात त्याहून कमी, पूर्व आशियात तर अगदी विरळा. २००८ मध्ये तीन वेगवेगळ्या चमूंनी फुप्फुसाच्या कर्करोगाशी याच पट्ट्याचा संबंध दाखवला, म्हणून हे अक्षर एवढं गाजलं.

गुळाचा_चहा

म्हणजे दोन सिगरेटींसाठी लाल पट्टी. छापणाऱ्याला शाई स्वस्त पडत असावी.

पण जुळ्यांच्या अभ्यासात "निम्मं व्यसन आनुवंशिक" असं वाचलंय. एक टक्का कुठे आणि पन्नास कुठे?

पाषाणकर

दोन्ही बरोबर आहेत. जुळ्यांवरून येणारा आकडा सगळ्या जनुकांची बेरीज असतो आणि तो एका समाजातल्या फरकाबद्दल असतो. "माझं निम्मं व्यसन आजोबांचं" असा त्याचा अर्थ नाही. बाकीची बेरीज शेकडो जागांवर बारीक बारीक विखुरलेली आहे. अल्फा-५ त्यातल्या त्यात ठळक, इतकंच. उलट्या बाजूचाही नमुना आहे : बीटा-२चं जनुक नादुरुस्त करणारे दुर्मिळ बदल ज्यांच्यात असतात, त्यांच्यात जबर ओढणाऱ्यांचं प्रमाण कमी सापडलं. हे २०२३ मध्ये छापून आलं. उंदरांनी २५ वर्षं आधी सांगितलेलंच माणसांत दिसलं.

औषधाच्या दृष्टीने जास्त कामाचं जनुक वेगळंच आहे, पण ते मुठाकाठ यांचं क्षेत्र.

मुठाकाठ

आलो. ते जनुक सीवायपी२ए६, १९व्या गुणसूत्रावरचं. यकृतातलं हे एन्झाइम निकोटीनचं कोटिनिन करतं. शरीरातल्या निकोटीनपैकी ७० ते ८० टक्के याच वाटेने जातं. पुढे कोटिनिनचं हायड्रॉक्सिकोटिनिन हेच एन्झाइम करतं. निकोटीन दोनेक तासांत निम्मं होतं, कोटिनिनला निम्मं व्हायला १६ तासांच्या आसपास लागतात.

ज्याचं एन्झाइम जोरात, त्याच्या रक्तातलं निकोटीन झटपट उतरतं. त्याची तलफ लवकर येते, तो जास्त ओढतो आणि सोडताना जास्त त्रास काढतो. मंद एन्झाइमवाल्याला एक सिगरेट बराच वेळ पुरते. या जनुकाचे मंद प्रकार बरेच आहेत. एकात तर अख्खं जनुकच गळलेलं असतं, आणि तो प्रकार पूर्व आशियात बऱ्यापैकी सापडतो.

पण इथेही जनुक वाचण्यापेक्षा वेग थेट मोजणं शहाणपणाचं. रक्तातलं हायड्रॉक्सिकोटिनिन भागिले कोटिनिन. या गुणोत्तरात जनुकाबरोबर बाकीच्या गोष्टीही आपसूक धरल्या जातात. इस्ट्रोजेनने हे एन्झाइम वाढतं, त्यामुळे बायकांत वेग सरासरीने जास्त, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आणखी आणि गरोदरपणात सगळ्यांत जास्त. जनुकाच्या अहवालात हे कुठून दिसणार?

२०१५ मध्ये या गुणोत्तरावर माणसं विभागून १,२४६ जणांची चाचणी झाली. सीमा ०.३१ धरली होती. साध्या वेगाच्या लोकांत पॅचपेक्षा (कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी) वारेनिक्लिन स्पष्ट सरस ठरलं : औषध नसलेल्या, नुसत्या खडूच्या गोळीपेक्षा एक जास्तीचा सुटायला वारेनिक्लिन पाचेक जणांना द्यावं लागलं, पॅच २६ जणांना. मंद वेगवाल्यांत दोन्हींत फारसा फरक निघाला नाही आणि वारेनिक्लिनचा त्रासही त्यांनाच जास्त झाला. थोडक्यात, मंद वेग असेल तर स्वस्तातला पॅच पुरतो.

एक घोळ नेहमी होतो. नेहमीच्या लॅबमध्ये जी कोटिनिन तपासणी मिळते ती हे गुणोत्तर नव्हे. तिथे नुसतं आहे की नाही एवढंच कळतं. दुसरं, गुणोत्तर मोजायचं तर तंबाखू चालू असतानाच रक्त द्यावं लागतं. सोडून आठवडा झाला की मोजायला काही उरत नाही.

पर्वतीपायथा

मंद एन्झाइम म्हणजे निकोटीन जास्त वेळ अंगात राहणार. मग व्यसन जास्त लागायला नको का?

मुठाकाठ

तलफ निकोटीन असण्याने येत नाही, ते उतरण्याने येते. उतार जितका तीव्र तितकी हाक जोरात.

सदाशिवपेठी_केमिस्ट

आता गोळ्या. सगळ्यांत जास्त चुका वारेनिक्लिनमध्ये होतात, म्हणून तेच आधी.

कसं चालतं ते पीएमटीच्या, म्हणजे पुण्याच्या सिटी बसच्या, भाषेत सांगतो. (पीएमपीएमएल म्हणायची सवय अजून लागलेली नाही.) रिसेप्टर म्हणजे सीट. निकोटीन येतं आणि फुल तिकीट काढून बसतं. वारेनिक्लिन त्याच सीटवर हाफ तिकिटात बसतं आणि लवकर उठत नाही. हाफ तिकिटामुळे नळी थोडीशी उघडी राहते, म्हणून तलफ फार छळत नाही. सीट अडलेली असल्यामुळे वरून कोणी सिगरेट ओढली तरी निकोटीनला जागा मिळत नाही आणि झुरक्याची मजा जाते. एरवी एक-दोन झुरक्यांतच मेंदूतल्या अशा निम्म्या सीटा भरतात आणि एका पूर्ण सिगरेटीत ८८ टक्क्यांच्या वर, हे २००६च्या स्कॅनमध्ये दिसलंय.

डोस असा : पहिले ३ दिवस ०.५ मिग्रॅ. दिवसातून एकदा. चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ मिग्रॅ. दोनदा. आठव्या दिवसापासून १ मिग्रॅ. दोनदा, एकूण १२ आठवडे. पहिला आठवडा तंबाखू चालू राहिली तरी हरकत नाही, सोडायची तारीख दुसऱ्या आठवड्यात धरायची. एका दिवसात तोडणं जमणार नसेल तर दुसरी रीत आहे : पहिल्या ४ आठवड्यांत निम्म्यावर, पुढच्या ४ आठवड्यांत त्याच्या निम्म्यावर, १२व्या आठवड्याअखेर शून्य, आणि गोळी एकूण २४ आठवडे.

आता बिघडतं कुठे. सकाळी अनशेपोटी घोटभर चहाबरोबर गोळी घेतली की अर्ध्या तासात ढवळायला लागतं आणि माणूस म्हणतो, "मला हे औषध सोसत नाही." पोहे, पोळी, काहीतरी पोटभर खाऊन वर भरलेला पेला पाणी, मगच गोळी. एवढं करूनही चारातल्या एकाला मळमळ होतेच, पण ती बहुधा सोसण्याइतकी असते. नाहीच सोसली तर डोस कमी करता येतो, सोडून द्यायची गरज नसते. दुसरी गोळी झोपताना नको, संध्याकाळच्या जेवणाबरोबर घ्या. नाहीतर रात्रभर रंगीत स्वप्नं.

आणि सगळ्यांत मोठी चूक : चौथ्या आठवड्यात "सुटली की आता" म्हणून गोळी बंद करणं. तंबाखूवाल्याच्या मेंदूत हे रिसेप्टर संख्येने वाढलेले असतात. ती वाढ ओसरायला ६ ते १२ आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यात जादा सीटा तशाच रिकाम्या असतात आणि टपरी कोपऱ्यावरच असते.

चिठ्ठीशिवाय ही गोळी मिळत नाही आणि मिळूही नये. का, ते डॉक सांगतील.

वारजेकर_डॉक

सांगतो. वारेनिक्लिन यकृतात जवळजवळ मोडतच नाही. ९० टक्क्यांहून जास्त जसंच्या तसं लघवीतून जातं. म्हणून ही गोळी लिहिण्यापूर्वी जनुकाचा अहवाल नको, क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्त तपासणी) हवं. त्यावरून काढलेला किडनीचा गाळण्याचा वेग, म्हणजे क्लिअरन्स, ३०च्या खाली असेल तर कमाल डोस ०.५ मिग्रॅ. दोनदा, सुरुवात एकदापासून. पन्नाशीपुढचा मधुमेही माणूस "किडनी ठीक आहे" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा "कोणी तपासलेली नाही" असा असतो.

पूर्वी फिट आल्या असतील तर सांगा. गोळी चालू असताना दारू एरवीपेक्षा जास्त चढू शकते, तेही लक्षात ठेवा.

मनावर परिणाम होतो म्हणून अमेरिकेत या गोळीच्या वेष्टनावर काळ्या चौकटीचा इशारा छापत. २०१६ मध्ये ८,१४४ जणांची मोठी चाचणी आली. त्यात निम्मे लोक आधीपासून मानसिक आजार असलेले होते. गंभीर मानसिक त्रासात वारेनिक्लिन, बुप्रोपिऑन, पॅच आणि नुसती खडूची गोळी यांत लक्षणीय फरक निघाला नाही, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती चौकट काढली गेली. त्याच चाचणीत ९व्या ते १२व्या आठवड्यात पूर्ण बंद असलेल्यांचं प्रमाण : वारेनिक्लिन ३३.५ टक्के, पॅच २३.४, बुप्रोपिऑन २२.६, खडू १२.५. चौकट गेली म्हणून डोळे मिटून घ्यायची असा अर्थ नाही. वागणं एकदम बदललं, मनात नको ते विचार आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी फोन करायचा.

नेटवर अजून "वारेनिक्लिनमध्ये कॅन्सरकारक भेसळ" असं फिरतं. ते २०२१चं प्रकरण. गोळीत नायट्रोसामीन अशुद्धी मर्यादेपेक्षा जास्त सापडली आणि मूळ कंपनीने माल परत घेतला. दोष त्या अशुद्धीचा होता, रेणूचा नव्हे. त्याच वर्षी वारेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेली.

गुळाचा_चहा

सीट अडवायचीच आहे तर हाफ तिकीट तरी कशाला? सरळ रुमाल टाकून जागा धरावी. निकोटीनला शून्य प्रवेश.

सदाशिवपेठी_केमिस्ट

त्या रुमालाचं नाव मेकामिलामिन. १९५०च्या दशकात रक्तदाबासाठी आलेली गोळी. नळी पूर्ण बंद करते. पण नळ्या फक्त मेंदूत नसतात. आतडी, मूत्राशय, रक्तवाहिन्या यांना आज्ञा देणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठींतही निकोटिनिक रिसेप्टरच काम करतात. ही गोळी तिथेही रुमाल टाकत सुटते. मग बद्धकोष्ठ, तोंडाला कोरड, लघवी अडणं, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी.

दुसरी अडचण जास्त मजेशीर. नुसता अडथळा आणला आणि तलफ तशीच ठेवली, की माणूस सुरुवातीला अडथळ्यावर मात करायला जास्त ओढतो. म्हणून पॅचबरोबर देऊन पाहिलं, सुरुवातीचे निकाल बरे होते, पुढे मोठ्या चाचण्यांत ते टिकले नाहीत. तंबाखू सोडवण्यासाठी तिला मान्यता मिळालेली नाही. हाफ तिकिटाचं महत्त्व इथे कळतं.

बुप्रोपिऑन मधल्या जातीचं. मूळ नैराश्याची गोळी, पण निकोटिनिक रिसेप्टरही थोडा अडवते, सीटवर न बसता दुसऱ्या जागेवरून. १५० मिग्रॅ.ची सावकाश विरघळणारी गोळी, ३ दिवस एकदा, मग दोनदा, दोन गोळ्यांत किमान ८ तासांचं अंतर, दिवसाला ३००च्या वर नाही. सोडायच्या तारखेआधी एक-दोन आठवडे सुरू करायची, ७ ते १२ आठवडे चालवायची. ही गोळी तोडून किंवा कुटून घेतली की सगळा डोस एकदम सुटतो आणि फिट येण्याचा धोका वाढतो. नीट घेतली तरी हजारात एकाला तो धोका असतोच. त्यामुळे फिटचा आजार, खाण्याचे विकार किंवा नुकतीच एकदम बंद केलेली दारू असेल तर नकोच.

पाषाणकर

सायटिसिन राहिलं. वारेनिक्लिनचा रेणू रचला तो याच्यावरूनच. लॅबर्नम नावाच्या युरोपीय झाडाच्या बियांत ते मिळतं. बल्गेरियात १९६४पासून गोळ्या आहेत. १.५ मिग्रॅ.ची एक गोळी, शंभर गोळ्यांचा २५ दिवसांचा कोर्स.

पहिले ३ दिवस दर २ तासांनी एक, दिवसाला ६. चौथ्या ते बाराव्या दिवशी दर अडीच तासांनी, ५. तेराव्या ते सोळाव्या दिवशी दर ३ तासांनी, ४. सतराव्या ते विसाव्या दिवशी दर ५ तासांनी, ३. शेवटचे ५ दिवस एक किंवा दोन. तंबाखू पाचव्या दिवसापर्यंत बंद व्हायलाच हवी. अडचण वेळापत्रकाची : औषध अंगात थोडेच तास टिकतं, त्यामुळे दुपारच्या दोन गोळ्या राहिल्या की संध्याकाळी पहिली तलफ जिंकते. मोबाइलवर गजर लावल्याशिवाय हे जमत नाही. २०२३ मध्ये ३ मिग्रॅ. दिवसातून तीनदा, ६ किंवा १२ आठवडे अशा सुटसुटीत डोसची चाचणी यशस्वी झाली. हे टिकलं तर हे वेळापत्रक सुटसुटीत होईल. न्यूझीलंडमध्ये १,३१० जणांवर निकोटीनच्या गम-पॅचशी तुलना केली, तर महिन्याअखेर सायटिसिनवाले ४० टक्के बंद होते, गम-पॅचवाले ३१.

एक धोक्याची सूचना. आपल्या बहाव्याला इंग्रजीत "इंडियन लॅबर्नम" म्हणतात. एप्रिल-मेमध्ये रस्तोरस्ती पिवळे घोस लागले की कोणीतरी "नैसर्गिक सायटिसिन" म्हणून शेंगा उकळायला घेईल. बहावा वेगळं झाड आहे. त्याच्या शेंगेतला गर रेचक आहे, तलफ जायची नाही, बाकी सगळं जाईल. आणि खरा लॅबर्नम विषारी आहे, त्याच्या बिया खाऊन माणसं अत्यवस्थ होतात.

सुमनताई

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळेना, म्हणून लिहिते. महाराष्ट्रात सिगरेट-बिडी हा लहान प्रश्न आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यात ओढणारे ३.८ टक्के आणि तोंडात ठेवणारे २४.४ टक्के. सुट्टी सिगरेट विकायला २०२०पासून बंदी आहे, गुटख्याला २०१२पासून. मळायच्या तंबाखूची पुडी मात्र चुन्यासकट कुठेही मिळते.

तो चुना नीट समजून घ्या. निकोटीन आम्लात असताना भारित असतं आणि गालाच्या कातडीतून आत जात नाही. चुन्याने पीएच चढतो. पीएच ८च्या आसपास निम्मं निकोटीन मोकळं होतं, ९ला ९० टक्के. तळहातावर अंगठ्याने मळून, दोन थापा मारून केलेला बार ही रसायनशास्त्राची क्रिया आहे. ज्याच्या मळण्यात चुना जास्त, त्याला त्याच चिमटीतून जास्त निकोटीन मिळतं. म्हणून "दिवसाला किती पुड्या" एवढ्यावरून अवलंबित्व ओळखू नये. विचारायचं हे : उठल्यावर किती वेळात पहिला बार? रात्री तोंडात ठेवून झोपता का? रस थुंकता की गिळता? उठल्यावर ५ मिनिटांच्या आत असेल तर सगळ्यांत जबर, ३० मिनिटांच्या आत असेल तरी मोठा डोस लागणार.

मिसरीचा प्रश्न वेगळा. बायका ती "दात घासायला" लावतात, त्यामुळे "तंबाखू खाता का?" ला उत्तर "नाही" असंच येतं आणि ते मनापासून असतं. "मिसरी दिवसातून किती वेळा लावता?" असं विचारा. चार-पाच वेळा दात घासणारं माणूस दातांसाठी घासत नसतं.

गोळ्यांचं म्हणाल तर रिसेप्टर तोच, त्यामुळे वारेनिक्लिन इथेही लागू पडायला हवं. नॉर्वे-स्वीडनमध्ये स्नूस (ओठाखाली ठेवायची तिकडची तंबाखू) ठेवणाऱ्यांवर ते लागू पडलं. दिल्लीतल्या चाचणीत फरक तितका स्पष्ट नव्हता, पण ज्यांनी गोळ्या नेमाने घेतल्या त्यांची बाजू बरी होती.

निकोटीन गमचं मात्र सांगायलाच हवं, कारण इथे तो हमखास चुकीचा खाल्ला जातो. गम चघळत राहायचा नसतो. दहा-पंधरा वेळा चावा, मिरीसारखी चुणचुण आली की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा. चुणचुण गेली की परत चार वेळा चावा, बाजू बदला. असं अर्धा तास. भराभर चावला की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, तिथून यकृतात, आणि मुठाकाठ यांच्या त्या एन्झाइमच्या तावडीत सापडतं. हाती काय लागतं, तर उचक्या आणि जळजळ. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत काही नको. तोंड आम्लधर्मी झालं की चुन्याच्या बरोबर उलटं घडतं. पहिला बार उठल्यावर अर्ध्या तासात असेल तर ४ मिग्रॅ., नाहीतर २ मिग्रॅ. पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी एक. दिवसाला तीन गम खाऊन "काही फरक नाही" म्हणणारे पुष्कळ. किमान नऊ लागतात. कमाल २४.

गुटख्याने ज्यांचं तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडतं, त्यांना गम देऊच नका, पॅच द्या. आणि तंबाखू सोडून सुपारी चालू ठेवली तर तोंड आखडायचं थांबत नाही, कारण ते काम सुपारीचं आहे.

पर्वतीपायथा

ताई, चुन्याचं हे गणित पहिल्यांदा कळलं. पॅचबद्दलही कोणी लिहा ना.

सदाशिवपेठी_केमिस्ट

दिवसाला १० सिगरेटींच्या वर असेल तर २१ मिग्रॅ. ६ आठवडे, मग १४ दोन आठवडे, मग ७ दोन आठवडे. दंडावर किंवा पाठीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी, तळहाताने दहा सेकंद दाबून. रोज जागा बदला. मे महिन्यात घामाने कडा सुटतात. तेल लावून अंघोळ केली असेल तर चिकटतच नाही, आधी साबणाने धुऊन कोरडं करा. स्वप्नांचा त्रास झाला तर रात्री काढा. सकाळचीच तलफ जबर असेल तर मात्र रात्री राहू द्या. एमआरआयच्या आधी काढा, काही पॅचच्या पाठीला धातूचा पापुद्रा असतो. काढलेला पॅच चिकट बाजू आत घडी करून टाका. त्यात लहान मुलाला बाधेल इतकं निकोटीन उरलेलं असतं.

पॅच संथ आणि गम झटपट. दोन्ही एकत्र घेणं चालतं आणि एकट्यापेक्षा चांगलं चालतं.

वारजेकर_डॉक

एक गोष्ट सुटली आणि ती धोक्याची आहे. सिगरेट-बिडीच्या धुरातली काजळीसारखी रसायनं यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम वाढवून ठेवतात. हे काम निकोटीनचं नाही, धुराचं आहे. ओढणं थांबलं की आठवडाभरात ते एन्झाइम खाली येतं आणि त्याच्या भरवशावर बेतलेले डोस अचानक जास्त ठरतात. क्लोझापिन, ओलान्झापिन घेणारे पेशंट आणि दम्यासाठी थिओफायलिन घेणारे म्हातारे यांची सिगरेट सुटली की लिहून देणाऱ्या डॉक्टरला आधी कळवा. पॅच लावल्याने ही अडचण टळत नाही, कारण पॅचमध्ये धूर नाही. मळून खाणाऱ्यांना मुळात हा प्रश्नच नाही.

कॅफिनही त्याच एन्झाइमने मोडतं. दिवसाला सहा कप चहा-कॉफी पिणारा ओढणं बंद करतो आणि तिसऱ्या दिवसापासून हात थरथर, झोप नाही, छातीत धडधड. दोष गोळीला दिला जातो. आधी चहा-कॉफी निम्म्यावर आणून बघा.

गुळाचा_चहा

माझ्या आयडीवर थेट हल्ला.

एक शेवटचं. विम्याच्या मेडिकलमध्ये कोटिनिन तपासतात. गोळी किंवा गम चालू असताना ते "तंबाखू" म्हणून निघेल का?

मुठाकाठ

गम आणि पॅचवर निघेल, कारण ते निकोटीनच आहे आणि त्याचं कोटिनिनच होणार. वारेनिक्लिन, सायटिसिन, बुप्रोपिऑन यांचं कोटिनिन होत नाही, त्यांच्यामुळे निघणार नाही. तंबाखू की गम हे वेगळं काढायचं असेल तर लघवीतलं अ‍ॅनाबेसिन मोजतात. ते तंबाखूच्या पानात असतं, औषधी गममध्ये नसतं. ही तपासणी सगळीकडे होत नाही, म्हणून फॉर्म भरतानाच "निकोटीन गम चालू, अमुक तारखेपासून" असं लिहून चिठ्ठीची प्रत जोडा. शेवटचा गम खाऊन आठवडा उलटला असेल तर कोटिनिन बहुधा सापडतच नाही. मंद एन्झाइमवाल्याने मात्र दोन-तीन दिवस जास्तीचे धरावेत.